काही तक्रार नाही

पेटी मला नको होती, हे आधीच सांगून ठेवतो. पेटी आली की तिला कुलूप आलं, कुलूप आलं की किल्ली आली, आणि आमच्या घरात किल्ल्या हरवण्याचं खातं माझ्याकडे आहे. पण माणूस अडचणीत सापडला की शेजारी सुचवतील ते करतो. मी तर तीन वर्षं अडचणीतच होतो.

मी कॉलेजात मिशनरी आहे. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस विमा एजंट भेटल्यासारखा अर्धं पाऊल मागे सरकतो, म्हणून हल्ली मी ते समोरचा खुर्चीत नीट बसल्यावरच उच्चारतो. अडचण एवढीच की खुर्चीत कोणी बसत नाही. कँटीनच्या जिन्याखाली माझं एक टेबल आहे आणि दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी मन मोकळं करायला येणाऱ्याची. त्या दुसऱ्या खुर्चीवर तीन वर्षांत पुष्कळ दप्तरं बसली, हेल्मेटं बसली. एकदा एक मुलगी घाईघाईने माझ्याच दिशेने येताना दिसली, तेव्हा मी रुमालाने ती खुर्ची पुसून ठेवली. तिने वह्यांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला, "सर, जरा लक्ष ठेवाल?" म्हणाली आणि गेली. मी दोन तास लक्ष ठेवलं. परत आल्यावर तिने आभारही मानले. मुलं उद्धट असती तर मला बरं वाटलं असतं. निदान घरी येऊन बायकोला सांगता आलं असतं की आज माझा छळ झाला. पण ही मुलं फार सभ्य आहेत. ती हसतात, मान लववतात आणि वडे तळणाऱ्या माणसाला पहावं इतक्याही कुतूहलाने माझ्याकडे पाहत नाहीत.

आमच्या मुख्य कचेरीला दर महिन्याला एक तक्ता भरून पाठवावा लागतो. त्यात वाटलेल्या पत्रकांपासून घेतलेल्या सभांपर्यंत तेरा रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना आहे 'मनमोकळेपणे बोललेल्या व्यक्ती'. पहिले बारा रकाने पायपीट करून भरता येतात. तेराव्यात मी छत्तीस महिने शून्य काढत होतो. पुढे पुढे ते शून्य इतकं सुबक येऊ लागलं की त्याची मलाच लाज वाटायची. शेवटी वर्षाच्या सुरुवातीला साहेबांचं पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत तेराव्या रकान्यात निदान एक व्यक्ती आली नाही तर हे ठाणं बंद होईल, आणि माझी बदली मुख्य कचेरीच्या गोदामात, पुस्तिकांचे गठ्ठे बांधायला होईल. पत्राच्या शेवटी 'आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करीत आहोत' असं होतं. ते वाचून मला घाम फुटला.

बायको पत्र वाचून म्हणाली, "गोदामात निदान गठ्ठे तरी जागचे हलणार नाहीत." ती असं बोलते तेव्हा तिला वाईट वाटलेलं असतं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांनी उभा जन्म पूल बांधले आणि आता बांधायला काही उरलं नसल्यामुळे ते सल्ले देतात. ते मला पाद्रीबुवा म्हणतात. मी पाद्री नाही हे मी त्यांना चौदा वेळा सांगितलं आहे.

"पाद्रीबुवा," ते म्हणाले, "पोरं तोंडाने बोलत नसतात. कागदावर बोलतात. प्रार्थनेची पेटी लावा. ज्याला जे मागायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकेल. नाव नको, गाव नको. तुम्ही आपली प्रार्थना करा. चार चिठ्ठ्या आल्या की पाचवा माणूस आपण होऊन येईल."

कल्पना वाईट नव्हती. वाईट होतं ते त्यांनी स्वतः काढलेलं पेटीचं चित्र. पेटीला त्यांनी उतरतं छप्पर दिलं होतं. पेटी व्हरांड्यात राहणार, वर पक्का स्लॅब, मग छप्पर कशाला, असं मी विचारलं. "पाणी कुठून येईल सांगता येत नाही," ते म्हणाले. सुतारानेही त्यांचंच ऐकलं, कारण ते आवाज चढवून बोलतात. पेटी तयार होऊन आली तेव्हा बायको बराच वेळ तिच्याभोवती फिरली आणि मग तिने शांतपणे विचारलं, "कुत्रा केवढा आहे?"

असो. आता ही पेटी भिंतीला लावायला परवानगी हवी होती. परवानगी हेडक्लार्ककडून.

हेडक्लार्क म्हणजे एक सडपातळ, साठीकडे झुकलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. कागदाच्या डाव्या बाजूला तीन बोटं कोरी जागा सोडलेली नसेल तर ते कागदाला हात लावत नसत, म्हणून सारं कॉलेज त्यांना समासराव म्हणत असे. मी पहिल्या मंगळवारी अर्ज घेऊन गेलो. त्यांनी समासावर तीन बोटं ठेवली. तिसरं बोट माझ्या 'महोदय'वर पडलं.

"पुन्हा लिहून आणा," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी. बाकीचे दिवस मला इतर कामं असतात."

पुढच्या मंगळवारी समास बरोबर होता, पण प्रती दोनच होत्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी असं निघालं की भिंतीवर लावायच्या वस्तूंच्या यादीत 'प्रार्थना पेटी' असा प्रकारच नाही. यादीत घड्याळ होतं, आरसा होता, अग्निशामक होता आणि तक्रार पेटी होती. चर्चेअंती माझी पेटी तक्रार पेटी ठरली. मग व्हरांड्याचा नकाशा. मग पेटी लाकडाचीच असल्याचा सुताराचा दाखला. सुताराला लिहिता येत नव्हतं म्हणून दाखला ओव्हरसियरकाकांनी लिहिला आणि त्यात छपराच्या उताराचा कोनही घातला. मग कँटीनवाल्याची हरकत नसल्याचं पत्र. मग पेटीचे दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. फोटोग्राफरने पेटीला "जरा हसा" म्हणून स्वतःचीच करमणूक करून घेतली.

दर खेपेला समासराव मला समोरच्या खुर्चीत बसवत. शिपायाला चहा आणायला सांगत. मग कागद सावकाश वाचत आणि मधेच चष्म्यावरून बघत विचारत, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी म्हणायचो, बायको. "मग संध्याकाळी बोलायला माणूस आहे," असं म्हणून ते पुन्हा वाचायला लागत. मी घड्याळाकडे बघायचो. या माणसाला माझा वेळ खायला आवडतो, अशी माझी खात्री झाली होती, आणि चहा हा त्या छळाचाच एक भाग असावा असं मला वाटे. आठव्या खेपेला तर त्यांनी कागद बाजूला सारून विचारलं, "तुमच्या त्या प्रार्थनेत नेमकं काय म्हणतात हो? म्हणजे माणूस एकटा असला, तर मोठ्याने म्हणायची की मनात?"

आता बघा. तीन वर्षं मी जिन्याखाली बसून ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो तो प्रश्न टेबलापलीकडून आला, आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ते सविस्तर सांगतो कधीतरी. आधी तेवढा शिक्का मारला असता तर बरं झालं असतं."

त्यांनी मान हलवली. "तेही खरंच," म्हणाले. नवव्या खेपेला शिक्का मिळाला, मुदत एका सत्राची. त्यानंतर मी त्या खोलीकडे फिरकलो नाही. मागचा जिना लांब पडतो, तरी मी मागच्याच जिन्याने जाऊ लागलो, न जाणो हाक मारून आणखी एखादा दाखला मागतील.

पेटी लागली. पहिल्या आठवड्यात तीस चिठ्ठ्या निघाल्या. पहिली उघडली. 'हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचा नळ गळतो.' दुसरी उघडली. 'पंखा.' एवढंच, पंखा. तिसरीत कँटीनच्या चहाबद्दल जे लिहिलं होतं ते मी कँटीनवाल्याला कधीच दाखवलं नाही, कारण त्याने मला हरकत नसल्याचं पत्र दिलं होतं.

पेटीवर परवानगीप्रमाणे 'तक्रार पेटी' असं लिहावं लागलं होतं, त्याला मुलं काय करणार? आणि तक्रार पेटीचे नियम परवानगीच्या पाठीमागेच छापलेले होते. प्रत्येक चिठ्ठीला सात दिवसांत उत्तर द्यायचं, चिठ्ठीवर शेरा मारायचा आणि ती आठवडाभर फळ्यावर लावायची. मी दोन शिक्के करून घेतले. 'कार्यवाही चालू' आणि 'कार्यवाहीची आवश्यकता नाही'. मग नळवाल्याच्या मागे लागलो, वायरमनच्या घरी गेलो. पंख्यासाठी मी प्रार्थनाही केली. का करू नये? दुसऱ्या दिवशी पंखा फिरायला लागला, पण वायरमन म्हणाला की तो निव्वळ त्याच्यामुळे फिरतो आहे. हॉस्टेलचे रेक्टर तर इतके खूश झाले की आपल्याकडे आलेल्या तक्रारीही माझ्या पेटीत आणून टाकू लागले. महिन्याभरात मुलं मला ओळखू लागली. लांबून हाक मारायची, "नळवाले सर!" तीन वर्षांत प्रथमच मला कोणी हाक मारत होतं आणि ती नळासाठी होती. देवाच्या सेवेला वाहून घेतलेल्या माणसाला रात्री वॉशरचे आकार आठवून झोप लागू नये, याचं मला फार वाईट वाटे. तेराव्या रकान्यात शून्य होतंच.

मात्र या सगळ्या चिठ्ठ्यांत दर आठवड्याला एक चिठ्ठी वेगळी असायची. कोरा करकरीत कागद, डाव्या बाजूला भरपूर जागा सोडलेली, वर उजव्या कोपऱ्यात तारीख आणि मधोमध सुंदर वळणदार अक्षरात तीन शब्द. 'काही तक्रार नाही.'

पहिली मिळाली तेव्हा मी ती घरी नेऊन बायकोला दाखवली. "बघ, एवढ्या कॉलेजात एक तरी सुखी जीव आहे."

तिने चिठ्ठी हातात धरून ठेवली. "सुखी माणूस हे सांगायला कशाला येईल?" म्हणाली. "ज्याला काही सांगायचं नाही तो चिठ्ठी टाकत नाही."

"एखादा वळण लागलेला मुलगा असेल," मी म्हणालो, आणि चिठ्ठीवर शिक्का मारला, 'कार्यवाहीची आवश्यकता नाही'. फळ्यावर लावली. पुढच्या आठवड्यात दुसरी आली. तिसरी आली. गळक्या नळांच्या गर्दीत ती सापडली की मला हायसं वाटायचं, कारण तिच्यासाठी कुणाच्या घरी जावं लागत नसे. पुढे पुढे नुसतं अक्षर दिसलं की मी न वाचताच शिक्का मारू लागलो. अशा अकरा चिठ्ठ्यांना मी शिक्का मारला. मग त्या यायच्या थांबल्या. थांबल्या हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

सत्र संपलं आणि परवानगीची मुदत संपली. मी बायकोला म्हटलं, आता पुन्हा नऊ मंगळवार. सगळे दाखले, नकाशा, पेटीचे फोटो असं बाड घेऊन मी त्या खोलीत गेलो. खुर्चीत एक तरुण क्लार्क बसला होता. त्याने माझ्याकडून एक कागद घेतला, समासाकडे न बघता शिक्का मारला आणि परत दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"बाकीचे कागद?" मी विचारलं.

"कसले कागद?"

मी बाड पुढे केलं. तो एकेक पाहू लागला आणि त्याचा चेहरा गमतीदार झाला. "सर, हे कशाला आणलंत? पेटीला साधा अर्ज लागतो. एक प्रत. हा सुताराचा दाखला कोणी मागितला तुम्हाला?"

"आधीच्या साहेबांनी. ते कुठे आहेत?"

"ते रिटायर झाले ना, दीड महिना झाला. तुम्ही निरोप समारंभाला नव्हता? तसे कोणीच नव्हते म्हणा, परीक्षा चालू होत्या." त्याने कपाटातून माझ्या पेटीची फाईल काढली. "त्यांचं काम मात्र एकदम व्यवस्थित. सगळ्याची ऑफिस कॉपी ठेवायचे. तुमच्या फायलीत बघा, आणखीही काहीबाही लावून ठेवलंय. मला तर काही कळलं नाही."

फायलीत अकरा कागद ओळीने लावलेले होते. प्रत्येकावर तारीख, तीन बोटं समास आणि 'काही तक्रार नाही'. खाली लाल शाईत बारीक टिपण होतं, 'उत्तर प्राप्त : कार्यवाहीची आवश्यकता नाही'. अकरा वेळा. माझाच शेरा त्यांनी फळ्यावरून उतरवून घेतला होता.

अकरावा कागद जरा लांबलचक होता. 'पुढच्या आठवड्यात सेवेचा शेवटचा दिवस. काही तक्रार नाही. घरी मी एकटाच असतो. सवड झाल्यास एखाद्या मंगळवारी बसायला यावे.' त्याखाली पत्ता. आणि त्याखाली तेच लाल टिपण, 'कार्यवाहीची आवश्यकता नाही'.

ती चिठ्ठी आठवडाभर माझ्या शिक्क्यासकट फळ्यावर लटकत होती. मी रोज तिच्यासमोरून गेलो होतो. मला त्या तरुण क्लार्कसमोर रडू आलं. त्याने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

त्याच संध्याकाळी मी पत्ता शोधत गेलो. दुसरा मजला. समासरावांनीच दार उघडलं. घरातही इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांच्या मागे एक टेबल दिसत होतं, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. मी मूर्ख आहे, असं निदान तीनदा म्हणालो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शेरा नियमाप्रमाणेच होता," ते म्हणाले. "चिठ्ठीत तक्रार नसेल तर कार्यवाही कशाची करणार? चुकलं असेल तर माझंच. मजकूर नमुन्यात बसत नव्हता." मग दार लोटता लोटता म्हणाले, "माझी काही तक्रार नाही."

आणि दार लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं. तिने चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "अहो, ते असे कसे घरात घेतील? तुम्ही अर्ज कुठे केलाय?"

मी अर्ज लिहिला. 'विषय : आपल्या घरी बसायला येण्याची परवानगी मिळणेबाबत.' मंगळवारी गेलो. समासरावांनी दारातच चष्मा लावला, कागदावर तीन बोटं ठेवली. त्यांचा चेहरा कडक होता, पण बोटं त्यांनी दोनदा मोजली.

"समास कमी आहे," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी आणा."

पुढच्या मंगळवारी प्रती कमी निघाल्या. तिसऱ्या मंगळवारी ओव्हरसियरकाकांचा मी सभ्य असल्याचा दाखला जोडला होता. त्यावर तारीख नव्हती. मला आत बोलावलं नाही, पण त्या दिवशी दारात उभं राहूनच त्यांनी विचारलं, "घरी बायको बरी आहे ना?" मी घड्याळाकडे पाहिलं नाही. बरी आहे म्हणालो, आणि तिच्या गुडघेदुखीचं सगळं सविस्तर सांगितलं.

याच दिवसांत वर्षअखेरचा तक्ता आला. मी तेराव्या रकान्यापुढे पेन धरून बसलो. एक लिहिलं असतं तर ठाणं वाचलं असतं. बायको म्हणाली, लिहा. पण मनमोकळेपणे बोललेली व्यक्ती म्हणजे काय? जो माणूस दारात उभा राहून समास मोजतो, त्याला मोकळा झाला म्हणून खपवायचं? आणि त्याने एकदा खरोखर विचारलं होतं तेव्हा मीच शिक्का मागितला होता. मी शून्य काढलं. या खेपेला ते वाकडंतिकडं आलं. आठ दिवसांत उत्तर आलं. ठाणं बंद, पेटी उतरवून आणावी, आणि पुढच्या बुधवारपासून गोदामात हजर व्हावं. सामान न्यायचा ट्रक सोमवारी येणार होता. गोदामाचं गाव इथून चार तासांवर आहे.

चौथ्या मंगळवारी, म्हणजे आमच्या शेवटच्या मंगळवारी, मी अर्ज नेला. समास तीन बोटं, प्रती तीन, दाखल्यावर तारीख. समासरावांनी तो वाचला. उलटून पाहिला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. चूक सापडत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा ते घाबरलेले दिसले. चूक नसली तर दार उघडावं लागणार होतं, किंवा मी पुन्हा यायला काही कारण उरणार नव्हतं, आणि या दोहोंपैकी कशाची भीती त्यांना जास्त होती ते मला कळलं नाही.

"साहेब, खाली बघा," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिलं. सही नव्हती. ती मीच केली नव्हती. त्यांचे खांदे सैल पडले.

"सही नाही," ते म्हणाले. "असा अर्ज घेता येत नाही. पुढच्या मंगळवारी आणा."

पेन त्यांच्या खिशाला होतं. त्यांनी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

"आणतो," मी म्हणालो.

मी जिना उतरलो. उभ्या आयुष्यात इतकं सरळ तोंड करून मी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. घरी बायको खोक्यांना दोऱ्या बांधत होती, आणि छप्पर असलेली पेटी कोणत्याच खोक्यात मावत नव्हती. मी तिला सांगितलं की पुढच्या मंगळवारी बोलावलंय.

तिने दोरीची गाठ दाताने आवळली आणि म्हणाली, "मग तिकडून मंगळवारची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारून ठेवा."